बाबांची तीनशे वाक्यं

२९ ऑक्टोबर, मंगळवार

फक्त विंडोजवर चालतं! पेनड्राइव्हच्या पाठीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय. नोवी सादच्या इस्पितळात तासभर बसवून सगळं समजावलं, वाक्यांची यादी दिली, माइक दिला, कॉफीसुद्धा दिली. एवढं एक सोडून.

रागात काही सुटायला नको म्हणून नीट लिहून ठेवते. वीस नोव्हेंबरला बाबांचं स्वरयंत्र काढणार. अख्खं. गाठ तिथेच आहे. त्यानंतर बाबा बोलणार नाहीत. कधीच. मिर्यानाबाई — वाचा-उपचार करतात त्या — म्हणाल्या, त्याआधी घरी बसून यादीतली तीनशेवर वाक्यं त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करा. मग पुढे ते नुसतं टाइप करतील आणि यंत्र त्यांच्या आवाजात बोलेल. "तीनशे नाही जमली तर शंभर तरी. शंभराच्या खाली मला काहीच करता येत नाही. आणि खोली अगदी बंद, शांत हवी."

हातात बावीस दिवस. आणि माझ्या संगणकावर लिनक्स. प्रेद्रागची कृपा. "विंडोज म्हणजे गुलामी, कोवा" — नऊ वर्षं ऐकलं. मग तो त्याच्या दातांच्या डॉक्टरणीबरोबर लिंझला गेला. लिनक्स आणि मी सोंबोरला राहिलो.

कचेरीतल्या संगणकावर विंडोज आहे, पण तिथे पाच जण, दोन फोन आणि रस्त्यावरची खिडकी. शिवाय बाबा म्हणाले, "मी कुणाच्या दारात जाऊन भुंकणार नाही."

घरी भुंकायलाही ते तयार नाहीत, ही गोष्ट वेगळी. बसमध्ये येताना म्हणाले, "मी न बोललेलं माझ्या आवाजात यंत्र बोलणार. मी मेल्यावर तू त्याच्याकडून वाटेल ते वदवून घेशील. 'कोवा, तू हुशार आहेस', असं."

बस भरलेली होती. लोक हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

३० ऑक्टोबर, बुधवार

प्रेद्रागला फोन केला. जीभ चावून केला.

"त्यात काय! व्हर्च्युअल मशीन टाक."

मीठ टाक म्हणावं तसं.

म्हणजे माझ्या संगणकाच्या पोटात दुसरा संगणक तयार करायचा. खोटा. पण आपण खोटे आहोत हे त्याला कळत नाही. त्याला वाटतं आपण खरोखरचं यंत्र आहोत, आपल्याला डिस्क आहे, पडदा आहे. मग त्यात विंडोज घालायचं आणि विंडोजमध्ये इस्पितळाचा प्रोग्राम. लिनक्स बाहेर आपल्या जागी सुखात.

"वीस मिनिटांचं काम आहे."

त्याच्याकडे सगळीच कामं वीस मिनिटांची असायची. घटस्फोटही.

मागून त्या बाईचा आवाज आला — "अरे, तिचे वडील कसे आहेत ते विचार ना." त्यांनी विचारलं. त्याने नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

वीस मिनिटं! वीस तारखेपर्यंत कचेरीतून रजा काढलीय. सकाळी नऊला बसले, दुपारी दोनला उठले.

सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, बसवलं, उघडलंही. 'नवीन मशीन' केलं, नाव दिलं 'बाबा'. सुरू करते तर तांबडी चौकट. लिनक्सच्या गाभ्यात म्हणे एक तुकडा बसावा लागतो, तो बसलेला नाही. का, तर गाभा अनोळखी तुकड्याला आत घेत नाही. त्याची ओळख पटवून द्यावी लागते: एक पासवर्ड ठरवायचा, संगणक बंद करून परत चालू करायचा, मग निळा पडदा येतो, तिथे तोच पासवर्ड द्यायचा. एवढंच.

आईचं नाव दिलं, पुढे तिचं जन्मसाल. Zagorka49. निळा पडदा आला. टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, आंधळ्यासारखं मारायचं. चूक. परत. चूक. तिसऱ्यांदा चूक, आणि दार बंद.

बाबा खुर्ची ओढून माझ्या उजव्या हाताला बसले होते. चौतीस वर्षं ते तिथेच बसले — शिकणाऱ्याच्या उजव्या हाताला, पायाशी आपला वेगळा ब्रेक घेऊन. अर्ध्या सोंबोरला त्यांनी गाडी शिकवली.

"आरशात बघ."

"कसला आरसा, बाबा?"

"कुठलाही. तू बघतच नाहीस. आदळतेस आणि मग रडतेस."

आवाज बसलाय, घोगरा झालाय, पण टोचायला अजून पुरतो.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

परत निळा पडदा. परत चूक. आईचं नाव मला येत नाही म्हणतोय!

२ नोव्हेंबर, शनिवार

पितरांचा शनिवार. शिजवलेले गहू, मेणबत्त्या, वाइनची छोटी बाटली घेऊन आम्ही दोघं आईकडे गेलो. बाबांनी थडग्यावरची पानं बुटाने बाजूला केली, मेणबत्ती लावली आणि त्याच काडीवर सिगारेट पेटवली.

"बाबा."

"ही तिच्यासाठी. तिला वास आवडायचा."

"तिला वास सहन व्हायचा नाही. डॉक्टरांनी तुम्हाला—"

"डॉक्टरांना काय कळतंय! हे वाऱ्याच्या झोताने झालंय. चौतीस वर्षं माझ्या बाजूची काच खाली. तुमच्यासारखे शिकाऊ घाबरून घामाघूम व्हायचे, त्यांना हवा लागावी म्हणून. तो झोत माझ्या गळ्यात बसलाय."

रोज चाळीस सिगारेटी, साठ वर्षं. आणि दोष कुणाचा — घाबरणाऱ्यांचा!

परतताना फाटकाशी पिरोश्का भेटली, कॅथलिकांच्या बाजूने येत होती, हातात रिकामी टोपली. आमच्या खालच्या मजल्यावर राहते, हंगेरियन शाळेत संगणक शिकवायची, आता निवृत्त. बाबांना बघून तिचा चेहरा उजळला. "तोझाकाका, कसे आहात?" बाबांनी टोपी उचलली. टोपी! मग ते फुलवाल्याशी बोलायला थांबले तेव्हा ती मला म्हणाली, "तुझ्या बाबांसारखा मास्तर मिळणार नाही गं. मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा त्यांच्याकडे गेले. एकदाही आवाज चढवला नाही. 'चल, घाई नाही. काही बिघडलेलं नाही. परत घेऊ.' अजून गियर टाकताना मला तेच ऐकू येतं."

मला ते कधीच ऐकू आलेलं नाही.

चांगला आवाज त्यांनी गिऱ्हाइकांना दिला. घरी यायचा तो उरलेला.

३ नोव्हेंबर, रविवार

पिरोश्का वर आली. खसखस घातलेल्या शेवयांचं ताट घेऊन आली, त्याबद्दल देव तिचं भलं करो, कारण मी दोन दिवस पावच खातेय. निळा पडदा बघितला, पासवर्ड काय ते विचारलं आणि हसत सुटली.

"अगं, हा पडदा लिनक्सच्याही आधी येतो. त्याला आपला कीबोर्ड माहीत नाही. तो समजतो तू अमेरिकेत बसलीयेस."

तिकडच्या कीबोर्डवर वायच्या जागी झेड आणि झेडच्या जागी वाय. आपल्याकडे उलटं. तू आईचं नाव बरोबर लिहितेस, म्हणाली, पण त्याच्यापर्यंत पोचतं ते 'यागोर्का'. "शाळेत दरवर्षी कुणीतरी यात अडकायचंच. झेड म्हणायचं असेल तर वाय दाब."

दाबलं. उघडलं.

तीन दिवस गेले होते. एका बटणापायी.

बाबा दारात उभे. "उजवीकडे वळायचं तर डावा सिग्नल देतेस, तसंच." पिरोश्का हसली. तिच्यासाठी तो विनोद होता.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आता वेगळीच तांबडी चौकट. पोटात दुसरा संगणक चालवण्याची सोय या यंत्राला आहे, पण ती मुळातच बंद करून ठेवलेली आहे. कुणी? का? उत्तर नाही. चालू करताना एफ-टू दाबून आतल्या काळ्या पानांवर जायचं आणि एक ओळ 'बंद'वरून 'चालू'वर न्यायची. ती ओळ शोधायला दीड तास.

"हँडब्रेक काढला नव्हतास," बाबा म्हणाले.

बरोबर होतं. त्यामुळे जास्तच संताप आला.

मिर्यानाबाईंचा फोन: किती झाली? म्हटलं, एकही नाही. त्या मग म्हणाल्या, "आवाज दिवसेंदिवस जाईल. थांबू नका."

जसं काही मी मजेत बसलेय.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पोटातल्या संगणकात विंडोज बसलं. खिडकीतल्या खिडकीत निळं आभाळ दिसतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं हास्यास्पद.

पिरोश्काने एक युक्ती शिकवली. मशीन नीट चालतंय अशा क्षणी त्याचा 'फोटो' काढून ठेवायचा. पुढे काही बिघडलं तर एक बटण दाबून त्या फोटोपाशी परत यायचं. मधलं सगळं झालंच नाही असं होतं.

तीस वर्षांपूर्वी अशी सोय असती तर.

९ नोव्हेंबर, शनिवार

माइक ऐकू येत नाही. बाहेरच्या लिनक्सला येतो, आतल्या विंडोजला नाही. यूएसबीच्या वस्तू आत न्यायच्या तर मला एका खास गटात नाव घालावं लागतं. घातलं. तरीही नाही. काल सगळा दिवस आणि आज सकाळ त्यात घालवली. शेवटी कुठेतरी वाचलं — नाव घातल्यावर एकदा बाहेर पडून परत आत यायचं असतं, त्याशिवाय त्याला पत्ता लागत नाही की आपण आता गटात आहोत. एका ओळीत सांगता आलं असतं. कुणाला वाटलंच नाही.

संध्याकाळी बाहेर पडले, आत आले. माइक आला. 'फोटो' काढला. नाव दिलं: माइक चालू.

बाबांना सांगितलं, सोमवारपासून वाचायचं. ते रेडिओचा आवाज वाढवून सफरचंदं सोलत बसले.

११ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टीचा दिवस.

जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. यादीची पानं, पाणी, माइक. आत रेकॉर्ड करण्याआधी माइक किती अंतरावर ठेवायचा हे बघायला बाहेर लिनक्सवरच छोटा रेकॉर्डर लावला. "काहीतरी बोला, बाबा."

यादी हातात घेतली, चष्मा कपाळावर. "'कृपया मला पाणी द्या.' आयुष्यात मी पाण्याला कृपया म्हटलेलं नाही. 'धन्यवाद, मला बरं वाटतंय.' मला बरं वाटत नाहीये. हे कुणी लिहिलंय? 'आजचा दिवस छान आहे.' या माणसाने कधी गाडी चालवली नसणार."

"बाबा, नुसतं वाचा."

खोलीत धूर होता. मी खिडकी उघडली.

"बंद कर ती. झोत येतोय."

"दोन मिनिटं."

"गळ्याला झोत लागतोय! वीस तारखेपर्यंत तरी जगू दे."

"झोताने नाही झालं हे! सिगारेटींनी झालंय. तुम्ही स्वतः केलंय. आई सांगून सांगून मेली, मी सांगून सांगून थकले. आता तेरा दिवस मी या यंत्राशी डोकं फोडतेय, का, तर तुमचा आवाज राहावा, आणि तुम्ही—"

"कुणी सांगितलं होतं? मला नकोय तो डब्यातला आवाज. आणि तुला कशाला हवा गं? तुला तर तो कधी सोसला नाही."

मग मी ते काढलंच. पूल.

अठरा वर्षांची होते. कालव्यावरच्या पुलावर माझ्या हातून गाडी बंद पडली, मागे ट्रक होता, भोंगे वाजत होते. बाबा ओरडले. सगळ्या पुलाला ऐकू जाईल असे. "उतर. हे तुझं काम नाही." मला उतरवलं, स्वतः गाडी घेऊन गेले. मी चार किलोमीटर चालत घरी आले. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी सायकलवर भाजी आणते. शहरातला प्रत्येक ड्रायव्हर मला हात करतो आणि म्हणतो, बाबांना नमस्कार सांग.

"पिरोश्काला म्हणता घाई नाही. फुलवाल्याला म्हणता काही बिघडलेलं नाही. मला एकदा तरी म्हणालात?"

ते पानाच्या कडेशी बोट घासत राहिले. मला वाटतं मी थोडी थांबलेही. मग दार आपटून बाहेर पडले.

कालव्याकाठाने दोन फेऱ्या मारल्या. पुलावर गेले नाही. परत आले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात होते, रेडिओ चालू, सोललेल्या सफरचंदांचा ढीग. खिडकी बंद. अर्थातच. पडदा झोपी गेला होता. मी उठवला, सगळ्या खिडक्या धडाधड मिटल्या, विचारेल त्याला 'हो' म्हटलं आणि संगणक बंद केला.



१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी आठला बाबा दाढी करून टेबलाशी बसलेले. इस्त्रीचा सदरा. "चालू कर."

पोटातलं विंडोज सुरू केलं, इस्पितळाचा प्रोग्राम उघडला, आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. अडखळले नाहीत. कुठे श्वास घ्यायचा हे जणू आधीच ठरवलं होतं. साठ वाक्यं झाली दुपारपर्यंत. खोकल्याने थांबायचे तेव्हा हात वर करायचे, सिग्नलसारखा.

आनंद व्हायला हवा. मला रागच आला. हे इतकं सोपं होतं तर मग कालचं कशासाठी? माझा जीव मेटाकुटीला आणल्याशिवाय त्यांना काही करताच येत नाही का?

१३ नोव्हेंबर, बुधवार

एकशे त्रेचाळीस. 'कृपया' म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

तीनशे बारा! सगळी झाली. बाबांनी चष्मा काढला, म्हणाले, "उतरा. परीक्षा संपली." आणि जाऊन झोपले. संध्याकाळपर्यंत झोपले.

प्रोग्रामने नऊ वाक्यांपुढे तांबडा ठिपका दिलाय — खरखर आहे, परत घ्या. उद्या घेऊ. सोमवारी नोवी सादला जाताना सगळं एकदम पेनड्राइव्हवर घालून नेते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मी काय केलं.

विंडोजने सकाळी स्वतःहून काहीतरी नवीन बसवून घेतलं आणि आवाज फुटायला लागला. बाबा बसलेले, सदरा घातलेला, आवाज आज फारच खोल गेलेला. नऊ वाक्यं फक्त. मी बटणं दाबतेय, काही होत नाही. बाबा म्हणाले, "सावकाश." ते नेहमीचं 'सावकाश', ज्याचा अर्थ मूर्ख असा असतो. आणि मला आठवला तो फोटो. 'माइक चालू'. तिथे परत गेलं की आवाज ठीक.

चौकट आली: सध्याची स्थिती जाईल, चालेल? हो म्हटलं.

गेली.

तो फोटो नऊ तारखेचा. नऊ तारखेला एकही वाक्य नव्हतं. तीनशे बाराच्या तीनशे बारा पोटातल्या संगणकाच्या पोटात होती, बाहेर एकही आणलेलं नव्हतं. मिर्यानाबाईंच्या कागदावर नववा मुद्दा आहे, ठळक अक्षरांत: रोजचं रेकॉर्डिंग रोज दुसरीकडे उतरवून ठेवा. मी वाचला नाही. मी. प्रेद्राग नाही, विंडोज नाही, बाबा नाहीत.

पिरोश्का आली, तासभर शोधलं. "जे होतं ते त्यानेच पुसलं गं. तेच त्याचं काम," म्हणाली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, मी झटकला.

बाबांना म्हटलं, ती नऊ नको म्हणाले इस्पितळवाले. चालतील तशीच. बाबा म्हणाले, "मग झालं." कोट चढवून बाहेर फेरी मारायला गेले.

उद्या सांगेन. उद्या सकाळी सांगेन आणि शंभर तरी परत घेऊ. दोन दिवसांत शंभर होतात.

१७ नोव्हेंबर, रविवार

होत नाहीत.

पहाटे श्वास कोंडला. रुग्णवाहिका. इथल्याच इस्पितळात गळ्याला भोक पाडून नळी बसवली, दुसरा उपायच नव्हता. आता नोवी सादला हलवलंय, ऑपरेशन ठरल्या दिवशीच. पण आवाज गेला तो आजच. शेवटचं वाक्य काय बोलले ते आठवायचा प्रयत्न करतेय. "माझी टोपी घे," असावं.

त्यांना पाटी दिलीय, खडूची. माझ्याकडे बघून लिहिलं: सगळी झाली ना?

मी हो म्हणून मान हलवली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मिर्यानाबाईंना खरं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आमच्या प्रोग्रामबाहेरचंही चालेल. यादीतली वाक्यं, त्याच माइकवर, बंद खोलीत. मी एकेक हाताने बसवीन. पण शंभर तरी. काही आहे का?"

फोनमध्ये सत्तराव्या वाढदिवसाची चित्रफीत आहे. अ‍ॅकॉर्डियन, सात जण एकदम बोलतायत, आणि बाबा ओरडतायत: कुणी लावली ही गाडी इथे!

नाही म्हटलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

सहा तास लागले. गाठ निघाली. बरे होतील म्हणतात.

शुद्धीवर आल्यावर पाटीवर लिहिलं: यंत्र आण. बोलून दाखव. खाली रेघ मारून: आधी तू ऐक.

मला सांगता आलं नाही. भित्री. पुलावर होते तशीच. खरं तर त्यांचं बरोबर होतं, हे माझं काम नव्हतं — असं लिहितेय आणि लिहिताना दात आवळले गेलेत. कुणावर चिडू ते कळत नाही. सगळ्यांवर चिडून झालं. उरलेय मी, आणि मला माझाच कंटाळा आलाय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

संगणक उघडला की कोपऱ्यात पाटी येते: जागा संपत आली. तेही आता माझ्याच डोक्यावर! उद्या ते मशीन पुसून टाकणार. 'बाबा' नाव दिलेलं. खिडकीतल्या खिडकीतलं ते निळं आभाळ मला डोळ्यांसमोर नको.

मग इस्पितळात जाऊन बाबांना खरं सांगेन.

२४ नोव्हेंबर, रविवार

मशीन पुसण्याआधी जागा कशाने खाल्लीय ते बघत होते. बाहेर, लिनक्सच्याच फोल्डरमध्ये एक भलीमोठी फाइल. अकरा नोव्हेंबर. एक तास सात मिनिटं. माइकचं अंतर बघायला लावलेला रेकॉर्डर — भांडणात मी तो बंदच केला नव्हता.

पहिली नऊ मिनिटं आम्ही. मग दार आपटतं. बराच वेळ काही नाही. मग खुर्ची सरकते, खिडकीची कडी लागते. कागद. आणि तो आवाज — पिरोश्का सांगते तो, मी कधी न ऐकलेला.

"चल, घाई नाही. पहिलं वाक्य. कृपया मला पाणी द्या." खोकला. "काही बिघडलेलं नाही. परत घेऊ."

एकशे बारा वाक्यं आहेत. दोनदा मोजली.

खोलीत दुसरं कुणी नाही. तरी प्रत्येक वाक्यानंतर ते जरा थांबतात. शेजारी बसलेल्या नवशिक्याला गियर टाकायला लागेल, तेवढंच.